जसं लिहिलंय तसं वाच

"ए, ती बघ. छपरी आजी."

आष्ट्याहून सांगलीला जाणारी एसटी. पलीकडच्या बाकावर कॉलेजच्या तीन पोरी. एकीनं बोट दाखवलं, दुसरीनं मोबाइल माझ्यावर धरला. तिसरी पुढं वाकून म्हणाली, "आजी, ते म्हणा ना. हात वाढव लांब."

आणि मी म्हटलं.

मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. पदर खोचला. नडगीवर बाळ असल्यासारखे दोन्ही हात पुढं केले आणि भरल्या गाडीत खड्या आवाजात म्हटलं, "हात वाढव लांब, पाय वाढव लांब, रडू नगं राजा, पानी संपतंय, थांब."

पोरी हसल्या. मागची माणसं हसली. मीही हसले. उतरताना एकीनं टाळी मागितली, मी दिली. वर तिला म्हटलं, शिका गं बायांनो, लय शिका.

आज ते आठवलं की अंगाची आग होते. माझीच टिंगल मी माझ्या तोंडानं, माझ्या हातानं करून दाखवली. कारण खरं काय ते मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणजे माझ्या सख्ख्या नातीनं.

नीट पहिल्यापासून सांगते.

मी बाळं न्हाऊ घालते. आमच्या गावात चाळिशीच्या आतलं निम्मं गाव माझ्या नडग्यांवर न्हालेलं आहे. उसाच्या मळ्यातल्या बंगल्यांतली बाळंसुद्धा. आता दवाखाने झाले, डॉक्टर झाले, तरी बाळ घरी आलं की पहिला निरोप आमच्या वस्तीत येतो. मग कोण कुठल्या वस्तीतली, कुणाचा देव कुठला, काही आडवं येत नाही. आडवं येतं ते बाळ न्हाऊन निजल्यावर. तेव्हा चहा मिळतो मागच्या पायरीवर. आणि कप ठरलेला, मोरीच्या कोनाड्यातला. स्टीलचा, कानाला पोचा आलेला.

हे मी इतकी वर्षं चालवून घेतलं, हेही लिहिते. दुसऱ्याचंच तेवढं लिहिलं तर खोटं होईल.

मळ्यातल्या सगळ्यात मोठ्या बंगल्यातली ऋतुजा माझ्याच हातची. सातव्या महिन्यात झालेली, मांजराच्या पिलाएवढी. धरायला तिची आईसुद्धा भ्यायची. मी तिला कापसात गुंडाळून, तेल कोमट करून, बोटाच्या पेरानं चोळली. डोकं एका अंगाला चपटं होतं, ते रोज हळूहळू दाबून गोल केलं. आत काय भरायचं ते काही माझ्या हातात नव्हतं.

ऋतुजाची थोरली बहीण यंदा माहेराला बाळंत झाली. मला निरोप आला, मी गेले. आता हे काम कसं असतं ते सांगते. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायचं. दोन नडग्यांच्या खाचेत बाळ पालथं घालायचं. तिथं ते घसरत नाही. त्याला दुसरी रीत नाही. म्हणून न्हाणीत बाप्यामाणूस येत नाही आणि दार लोटलेलं असतं.

दहाव्या दिवशी ऋतुजा दार ढकलून आत आली. हातात मोबाइल. मी म्हटलं, "पोरी, नगं. पाय उघडं हायत माजं." ती म्हणाली, "मावशी, फक्त बाळाचा काढतेय. तुम्ही दिसणार पण नाही."

माझ्या हातची पोर. मी विश्वास ठेवला.

दोन दिवसांनी अख्ख्या गावाच्या मोबाइलवर मी. उघड्या नडग्या, फुगलेल्या शिरा, भेगा पडलेल्या टाचा, आणि तोंडानं चाललेलं हात वाढव लांब. वर गाणं लावलेलं, मधेच माझं तोंड मोठ्ठं करून दाखवलेलं. बाळ नुसतं नावाला. पाय तेवढे माझे.

मी शाळेत गेले नाही. पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पाटीवरून अक्षरं उचलली. मग एसटीच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, जयंतीचे फलक. जे दिसेल ते वाचत सुटायची. पण इंग्रजी अक्षर काही हाती लागलं नाही, आणि व्हिडिओखाली लोकांनी जे लिहिलं होतं ते बहुतेक इंग्रजी अक्षरांतलं मराठी.

म्हणून मी प्रज्ञाला फोन केला. प्रज्ञा माझी नात, त्याच पोराची लेक. तिची आई गेल्यापासून माझ्याजवळ वाढली. सांगलीत कॉलेजला आहे, होस्टेलवर राहते. ऋतुजाही त्याच कॉलेजात, त्याच वर्गात. पण ती लहानपणापासून बाहेरगावच्या शाळेत, प्रज्ञा माझी नात हे तिला ठाऊक नाही. मी विचारलं, खाली काय लिवलंय गं? तिनं वाचून दाखवलं. लोक म्हणतात आजी लय गोड आहे. लोक म्हणतात अशी आजी आम्हाला पाहिजे. मी विचारलं, आणि ते छपरी छपरी म्हणत्यात ते? ती मग म्हणाली, "छपरी म्हंजे स्टाईलवाली, आज्जे. नवीन शब्द हाय."

मला ते खटकलं, खोटं कशाला बोलू. मी छपरात नांदले आहे. उसाच्या पाचटाचं छप्पर, दर मिरगाच्या आधी नव्यानं शाकारायचं. आमचे हे खालून पेंढी फेकायचे, मी वर बसून बांधायची. छपरातली माणसं हा शब्द कसा उच्चारतात आणि बंगल्यातली कसा, ते माझ्या कानाला ठाऊक होतं. पण पोरगी शिकलेली. जग बदललं असेल म्हटलं. आपल्या छपराची आता स्टाईल झाली असेल.

आणि मी मिरवलं हो. पिठाच्या गिरणीत सांगितलं, बचतगटात सांगितलं. ज्यांनी बघितला नव्हता त्यांना, दाव म्हटलं तुझ्या मोबाइलवर. आता कळतं, त्या बाया खाली का बघायच्या.

तर तो एसटीतला बुधवार. दर बुधवारी मी प्रज्ञाला डबा नेते. भाकरी, जवसाची चटणी, एखादी पालेभाजी. कॉलेजच्या फाटकात मी कधी गेले नाही. कोपऱ्यावरच्या थांब्यापाशी उभी राहते, ती येऊन डबा घेऊन जाते. फाटकातून आत सोडत नाहीत, असं तिनंच सांगितलेलं. त्या दिवशी मी तिला गाडीतल्या पोरींची गंमत सांगितली. तिनं ऐकलं, डबा घेतला, आणि माझ्याकडं न बघता गेली.

परत आल्यावर मी अंगणवाडीत गेले. तिथली ताई कवठे महांकाळची, नवीन आलेली, माणुसकीनं बोलणारी. तिला म्हटलं, बाई, जरा माझा व्हिडिओ लाव. तिनं लावला. मी म्हटलं, खालचं वाच. ती म्हणाली, "आज्जी, ऱ्हाऊ द्या की." एवढंच. पण तिचे डोळे भरले ते मी बघितलं.

मी मोबाइल हातात घेतला. बोटानं खाली सारत गेले. इंग्रजी, इंग्रजी, इंग्रजी. आणि मग आपली अक्षरं आली. मी एकेकावर बोट ठेवत वाचलं.

"असल्या छपरी बाईच्या हातात बाळ देतात तरी कसे? आधी हिलाच धुवा."

त्याच्याखाली ऋतुजाचं उत्तर. "आमच्या घरची छपरी आहे, प्रो मॅक्स. क्रिंज आहे पण कामाची आहे." क्रिंज म्हणजे बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं, हे मागनं ताईकडून कळलं.

त्याच्याखाली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे तीन पिवळे चेहरे. बाजूला ते टाकणाऱ्याचा फोटो, बोराएवढा. फोटोतल्या पोरीच्या अंगातला निळा ड्रेस मी ओळखला. दहावीला पास झाली तेव्हा मी शिवून घेतलेला.

ताईनं पाणी दिलं. मी प्यायले नाही. तिथूनच प्रज्ञाला फोन लावला. म्हटलं, "आता जसं लिवलंय तसं वाच."

ती म्हणाली, "कशाला, आज्जे?"

"वाच. तुज्या तीन तोंडांपातूर वाच."

मग ती रडायला लागली. म्हणाली, "आज्जे, मी हासले नसते तर त्येंला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"तू माजी हायस म्हणून."

अपमान मला नवा नाही. पायरीवरचा चहा मी प्यायलेला आहे. पण तो परक्याचा होता. हे माझ्या घरातून आलं, मी भरवलेल्या तोंडातून. ऋतुजानं माझे पाय उघडे केले. प्रज्ञानं मला नाहीच केलं. दोन्हींत जास्त कुठलं दुखलं ते विचारू नका.

सकाळी बंगल्यावर गेले. रोज मागनं जायची. त्या दिवशी आधी मोरीत जाऊन कोनाड्यातला कप घेतला, घासला, आणि वळसा घालून पुढच्या दारानं बैठकीत आले. ऋतुजाची आई, आम्ही त्यांना वैनी म्हणतो, सोफ्यावर बसलेल्या. त्या दचकल्या. "मावशी, इकडनं कुठं? पाणी तापलंय की."

मी म्हटलं, ऋतुजाला बोलवा. दोन दिवसांच्या सुट्टीला ती आदल्या रात्रीच घरी आली होती. ती आली.

"पोरी, छपरी म्हंजे काय ते तुज्या आईला सांग."

ती हसली. "अहो मावशी, चिल करा. ट्रेंड आहे तो. सगळ्यांनाच म्हणतात."

"मग आईला म्हण."

तिचं हसू गेलं. आईकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं. म्हणाली नाही. म्हणजे अर्थ तिला चांगला ठाऊक होता.

वैनी म्हणाल्या, पोरांचं काय मनावर घेता, लोक आवडीनं बघतात, नवं लुगडं घेते तुम्हाला. तेवढ्यात आत बाळ रडलं. भुकेचं नव्हे, न्हाण्याच्या वेळेचं रडणं. मला कळतं ते. माझे हात आपोआप वर आले. मी ते खाली घेतले. आयुष्यात एवढं जड काही उचललं नाही.

कप काचेच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "ह्यो तुमचा मोरीतला कप. घासून आणलाय. आता ह्यातनं कोण पिणार ते तुमचं तुमी बघा. बाळाला कसं धरायचं ते ऋतुजाला येत असंल, व्हिडिओ तिनंच काढलाय. तो पुसून टाका. आन् मला निरोप धाडू नका."

व्हिडिओ तिनं त्याच दिवशी पुसून टाकला म्हणे. पण दुसऱ्यांनी उचललेला फिरतोच आहे. फिरू दे. मी त्याच्यामागं धावणार नाही. बाळं मी अजून न्हाऊ घालते. ज्या घरात पुढच्या दारानं घेतील आणि घरच्या कपात चहा देतील, तिथंच.

अंगणवाडीची ताई मला इंग्रजी अक्षरं शिकवते. सगळ्यात आधी छपरी कसं लिहितात ते शिकले. आता ते कुठंही असू दे, मला दिसतं.

प्रज्ञा फोनवर माफी मागते. मी म्हटलं, फोनवर नको. आता बुधवारी मी डबा घेऊन येणार. कोपऱ्यावर नाही, फाटकातून. रखवालदाराला विचारून घेतलं आहे, आत सोडतात, कधीच बंदी नव्हती. तुझ्या वर्गाच्या दारात उभी राहीन, ह्याच लुगड्यात, ह्याच टाचांनी. ऋतुजा असेल, तिच्या मैत्रिणी असतील, मोबाइल असतील. मी तुझं पूर्ण नाव घेऊन हाक मारीन, बापाच्या नावासकट.

मग आज्जे म्हणून पुढं यायचं, नाहीतर सगळ्यांसमोर हसायचं. तुझं तू ठरव. मी माझं ठरवलंय.