सुभेदारांना ऐकू येत नाही

परदेशात शिकून पुण्यात परतले, तेव्हा डोळ्यांसमोर नितळ नदी होती, शिस्तीत वल्हवणारी टीम होती आणि तिला घडवणारी मी. मिळाली जलपर्णी, वास, एक जुनी बोट आणि किस्से. बोट जितकी कमी चालते, तितके किस्से जास्त साठतात!

*

कोच म्हणून पहिल्या दिवशी बोट क्लबचे सेक्रेटरी जोशीकाका यांना विचारलं, "काका, नदी कुठंय?"

काका शनिवार पेठेतले. म्हणाले, "खालीच आहे. हिरवळ उचला, दिसेल."

उचलली. महिनाभर!

*

सुभेदार काळभोर, लोणीचे, आमचे चॅम्पियन. युद्धात तोफेवर होते, कान तिथंच गेले. परतल्यावर वल्हं धरलं आणि पदकं आणली.

"ऐकू येत नसताना टीममध्ये कसं घेतलं?" मी काकांना विचारलं.

"अहो, कोचचं ऐकून इथं कोण जिंकलंय?"

*

सुभेदार ओरडूनच बोलतात. एकदा मला गुपित सांगितलं, "जोशी लई चिकट हाय, पन मानूस सोनं हाय!" पुलावरचे लोक थांबून बघायला लागले.

मागून काका म्हणाले, "पहिलं अर्धं पुलापर्यंत पोचलं. दुसरं अजून मोठ्यानं बोलला असतात तरी चाललं असतं."

*

बोटीत चौघं वल्हवतात, जायच्या दिशेला पाठ करून. समोरचं पाणी दिसतं फक्त मला. मी कॉक्स. टोकाला त्यांच्याकडे तोंड करून बसते आणि ओरडून ताल देते. सुभेदार माझ्या अगदी पुढ्यात. ते माझा चेहरा बघून वल्हं मारतात आणि खराडीचे तिघं आयटीवाले त्यांची पाठ बघून.

एकदा मला जांभई आली, तर चौघं मंदावले!

"मॅडम, तोंड सांभाळा. अख्खी बोट त्याच्यावर चालती," सुभेदार गरजले.

*

राज्य स्पर्धा दहा दिवसांवर आली. सुभेदारांची शेवटची. नदी जलपर्णीनं पुन्हा झाकली गेली, सफाईचा अर्ज महापालिकेतून तिसऱ्यांदा परत आला. सही चुकीच्या रकान्यात! मी दमले. गुपचूप परदेशी परतायचं तिकीट काढलं. कॉक्सशिवाय बोट स्पर्धेत उतरत नाही, हे माहीत असून.

रविवारी सरावात नेहमीपेक्षा जोरात ओरडले, "अजून दहा! ताकद लावा!"

सुभेदारांनी वल्हं खाली ठेवलं. बोट जलपर्णीत थांबली.

"मॅडम, ओठ ताकद लावा म्हनत्यात, पन चेहरा कवाच निघून गेलाय. तिकीट कदीचं हाय?"

काठावरून काका ओरडले, "उत्तर जरा मोठ्यानं द्या, आम्हालाही ऐकायचंय!"

मी टोपी डोळ्यांवर ओढली.

"तोफेवर मी बी रजेचा अर्ज खिशात घिऊन हिंडलोय," सुभेदार म्हणाले. "जायचं आसंल तर जावा, राग न्हाई. पन उद्या आलात, तर चेहरा घिऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी तिकीट रद्द केलं. सहाला माझ्या जागेवर जाऊन बसले. वास तोच होता.

सुभेदारांनी माझा चेहरा नीट बघितला. मग वल्हं उचललं.