बेसूर गाऊन जोडलेला मित्र

मित्र निवडण्याच्या बाबतीत आमच्या मामांइतका चोखंदळ माणूस अख्ख्या निजामी मुलखात दुसरा नसेल. वालूरच्या बाजारपेठेत ते शिलाई मशीन चालवीत. गिऱ्हाईक कसंही चाले. मित्र मात्र ख्रिस्तावरचा आपला विश्वास बळकट करणाराच हवा, असा त्यांचा हट्ट. कुणाशी ओळख वाढू लागली की मामा त्याला घरी बोलवीत, चहा देत आणि आपल्या ख्रिस्ती देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, एखादं भजन म्हणून दाखवीत. ते इतके बेसूर गात, की मामी चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसे. भजन संपलं की मामा विचारीत, "कसं वाटलं?" एका नव्या उपदेशकांनी "आवाजात करुणा आहे" असं सांगितलं. मामांनी त्यांना आणखी एक कप चहा पाजून प्रेमानं वाटेला लावलं. "खुशामत करणारा माणूस उद्या माझं पापबी गोड म्हणंल," असं नंतर ते मला म्हणाले.

या परीक्षेत उतरले ते शेजारचे कापडवाले आप्पा, गळ्यात लिंग घालणारे पक्के शिवभक्त. भजन शेवटपर्यंत ऐकून ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्या देवाला कमी ऐकू येतंय का? मग एवढं वरडायलाव कशाला?" मामा बेहद्द खूश झाले. तेव्हापासून दोघं एकमेकांना सोडीनात. लिंगपूजा झाल्याशिवाय आप्पा पाण्याचा घोटही घेत नसत. ते पाहून मामांनीही प्रार्थनेआधीचा चहा बंद केला. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना ही दोस्ती खटकली. परधर्मी सोबतीनं विश्वास ढिला होईल, असं सांगायला ते घरी आले. मामा म्हणाले, "त्याला बघून माझी सकाळची प्रार्थना चुकंना झाली. तुमच्यासंगं बोलत बसलो की मातर चुकती."

पुढे तापाच्या साथीत मामी गेली. मामांनी बायबल फळीवर ठेवलं ते ठेवलंच. मंडळीतली माणसं येत, देवाची मर्जी म्हणून समजूत घालीत. मामा मान हलवीत आणि ती माणसं गेली की भिंतीकडे तोंड करून बसत. मी सेलूहून त्यांच्याकडे मुक्कामाला आलो होतो. मामांसारख्या माणसाचाच विश्वास तुटला तर आपलं कसं व्हायचं, या काळजीनं मला अन्न गोड लागेना.

एका सकाळी आपली पूजा आटोपून आप्पा आले आणि मामांसमोर मांडी घालून बसले.

"माझं झालं. तुमचं ऱ्हायलंय."

"काय मागू त्याला? भांडावं वाटायलंय," मामा म्हणाले.

"मग भांडा. पर त्याच्यासंगंच भांडा, भिंतीसंगं नको. मी बसलोय हितं."

मामांनी डोळे मिटले आणि ते देवाशी कडकडून भांडले. मामीचं नाव घेऊन त्यांनी जाब विचारला, रडले, दमले आणि शेवटी सवयीनं 'आमेन' म्हणाले. आप्पांनीही हात जोडून 'आमेन' म्हटलं आणि दुकान उघडायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा बायबल मामांच्या मांडीवर होतं.

दोघंही आता नाहीत. माझ्याभोवती माणसं पुष्कळ आहेत, आणि चांगली आहेत. माझी प्रार्थना चुकली की "होतं असं कधीकधी" म्हणून ती मला सांभाळून घेतात. त्यांच्या मायेबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या सकाळी देवाशी बोलावंसं वाटत नाही, त्या सकाळी मी दाराकडे बघतो, आणि कुणी येत नाही.