बोडिल आणि बेचाळीस सह्या

बोडिल थॉगर्सन आमच्या हॉर्सलुंडच्या चिप्सच्या कारखान्यात एकतीस वर्षं पाकिटं भरायच्या खात्यात होती. निवृत्त झाली तरी सकाळी सहाला तिची सायकल बाहेर पडायचीच. कुठे जायचं नसलं तर बाई बेकरीपर्यंत जाऊन यायची. बोलायला फटकळ, पण तिने सांगितलेली गोष्ट गावात कुणी पुन्हा तपासून पाहत नसे.

कारखान्याने जाहीर केलं होतं, दहा वर्षांत आमचं कार्बन उत्सर्जन निम्म्यावर आणू. त्या कामावर ऑर्हुस शहरातून सिग्ने नावाची तिशीची मुलगी नेमली. तिने गावाच्या सभागृहात बैठक घेतली. तळणीच्या कढयांची वाफ चिमणीतून फुकट जाते, तिच्यावर पाणी तापवून पाइपाने घरोघर आणू, मग घरं तापवणारे तुमचे तेलाचे बर्नर बंद करता येतील, असं तिने पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. बासष्टपैकी बेचाळीस घरं तयार झाली तरच पाइप टाकायचे होते.

लोकांनी कॉफी प्यायली, केक खाल्ला आणि मनसोक्त हसून घेतलं.

"म्हणजे घरभर बटाट्याचा वास?"

"मागे परदेशात झाडं लावणार होतात ना तुम्ही? किती लागली?"

सिग्नेने संमतीचा कागद फिरवला. त्या दिवशी सात सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी ती बोडिलच्या दारात उभी. "लोक तुमचं ऐकतात म्हणे."

"ऐकतात, कारण मी त्यांना काही विकत नाही. बस. आधी मला सांग, उद्या कारखाना बंद पडला तर आमची घरं कोण तापवणार?"

"ते... ठरलेलं नाही."

"मग ठरवून ये. अर्धवट कागदावर मी कुणाची सही मागायला जाणार नाही."

पोरगी परत येत नाही, असं मला वाटलं होतं. चार महिने लागले तिला, पण आली. वीस वर्षांच्या आत कारखाना बंद झाला किंवा हलला, तर गावाची दुसरी सोय कंपनी स्वतःच्या खर्चाने करेल, असं लिहून घेऊन आली. बोडिलने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि सायकल काढली.

मार्चभर ती दारोदार फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी भांडी घासत होते. ओल्या हातानेच सही केली. एक्केचाळिसावर गाडी अडली. उरलेल्यांपैकी पटवण्यासारखा एकच होता, आणि तो म्हणजे एगॉन.

एगॉन बावीस वर्षं तिसऱ्या कढईवर होता. नवी यंत्रं आली तेव्हा त्याला घरी बसवलं. तेव्हापासून त्याने कारखान्याच्या रस्त्याने जाणंही सोडलं होतं.

"तुला काय मिळतं गं यात?" त्याने दारातच विचारलं. "तुझं घर ओढ्यापलीकडे. तिथे पाइप येतच नाही."

"काही नाही मिळत."

"मग कशाला मरतेस दारोदार?"

"एकतीस वर्षं ती वाफ वर जाताना पाहिली, एगॉन. आणि घरी येऊन तेल जाळलं. मला ते बघवत नव्हतं, बस."

"मला हाकललं त्यांनी. आता माझे पाय शेकायला निघालेत!"

"हाकललं ते वाईटच केलं. मी तेव्हाही म्हटलं होतं."

हे खरं होतं. तेव्हा मॅनेजरच्या तोंडावर बोलणारी ती एकटीच होती. एगॉनने कागद ठेवून घेतला, पण सही काही केली नाही. आठवड्याने तोच तिच्याकडे गेला आणि सही केलेला कागद टेबलावर टाकला. "अंगणातली तेलाची टाकी त्यांनी उपसून न्यायची. मी हात लावणार नाही." अशा रीतीने बेचाळिसावी सही झाली.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात गरम पाणी आलं. वास कसलाही नव्हता. सभागृहात समारंभ झाला. कंपनीच्या संचालकांनी मोठा फलक आणला होता: हॉर्सलुंडमध्ये आमचं उत्सर्जन एक पंचमांशाने घटलं. टाळ्या पडल्या. एगॉन उठून उभा राहिला.

"कुणाचं घटलं?"

"आमचं. कंपनीचं," संचालक हसून म्हणाले.

"ते कसं? कढयांखाली गॅस तुम्ही तेवढाच जाळता. बंद झाला तो माझा बर्नर. तो धूर माझा होता."

हशा पिकला. बोडिलने बसल्या जागेवरून विचारलं, "सिग्ने, हा म्हणतो ते बरोबर आहे का?"

सिग्ने लालबुंद झाली. "बरोबर आहे. हा आकडा आमच्यात धरता येत नाही. मी तसं वर लिहूनही दिलं होतं."

संचालकांनी फलकाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि स्वतःच तो उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. नंतर ते आमच्यात बसून केक खाऊन गेले, एवढं म्हटलं पाहिजे.

कंपनीच्या पुढच्या अहवालात गावाचं उत्सर्जन वेगळं आणि कंपनीचं वेगळं छापून आलं. कंपनीचा आकडा जिथल्या तिथेच होता. तो उघडा पडल्यावर सिग्नेची जुनी मागणी मान्य झाली आणि कढया तापवणाऱ्या गॅसच्या दोन बॉयलरांपैकी एक काढून विजेवरचा बसवला. दुसरा अजून गॅसवरच आहे. तो कधी बदलणार हे सिग्ने दर वर्षी सभागृहात येऊन सांगते. ठरलेली तारीख चुकली, त्या वर्षीही ती आली आणि लोकांचं ऐकून घेऊन गेली.

बोडिल आता चौऱ्याहत्तरची आहे. मागच्या हिवाळ्यात तिचा बर्नर कायमचा बंद पडला, तेव्हा तिने साठवलेल्या पैशातून बाहेरच्या हवेतली ऊब घरात ओढणारं यंत्र बसवून घेतलं. कंपनीकडून थोडी मदत मिळवून देते, असं सिग्ने म्हणाली होती.

"नको गं," बोडिल म्हणाली. "मग पुढच्या सभेत तुम्हाला प्रश्न कुठल्या तोंडाने विचारू?"