ओळ लहान कर

माझ्या बाबांनी पेपरात नसलेली बातमी वाचून दाखवली आणि शेजारच्या काकांची गाडी चुकली. तिथून हे सगळं सुरू झालं.

बाबा रोज सकाळी घरापुढच्या ओट्यावर बसून मोठ्याने पेपर वाचतात. मला कळायला लागलं तेव्हापासून वाचतात. आधी तेल्हाऱ्याला, तिथे ते शाळेत मास्तर होते, आणि रिटायर झाल्यावर अकोल्याला. ऐकायला गल्लीतली चार टाळकी जमतात. त्या सगळ्यांना वाचता येतं बरं का, सगळ्यांच्या खिशात मोबाईलही आहे. तरी चहा पिऊन, मिशा पुसत येऊन बसतात. मास्तरच्या तोंडून आयकल्याबिगर बातमी पचत नाही म्हणतात.

काकांचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला, माझ्या घरी कणीक मळत होते.

"तुह्या बापाले जरा इचारून पाय," काका सरळ सुरू झाले. "त्याईनं काल सकाळी वाचलं की बडनेऱ्याची पॅसेंजर आजपासून एक तास उशिरा सुटनार. म्हून मी आरामात आंघोळ केली. ठेसनावर गेलो तं गाडीचं बूडबी दिसेना! पुतनीचा साखरपुडा होता वं. यस्टीनं पोचलो तं पत्रावळी उचलून राहिले होते."

"पेपरात चुकीचं छापलं असेल, काका."

"तोच पेपर घरी येऊन पायला ना मी! बडनेऱ्याच्या कोन्या पुलाचं काम लांबलं, येवढंच हाय त्यात. गाडीचं नावच नाही!"

माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मला बसवत नाही, उभं राहवत नाही, समोरच्याचं पूर्ण ऐकूनही घेववत नाही. कणीक तशीच झाकून ठेवली आणि अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा त्याला दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला तो म्हणाला, "ताई, तुमीच चालवा मंग."

बाबा ओट्यावरच होते. पेपर मांडीवर.

"मोठ्याने वाचा," मी म्हटलं.

"आल्या आल्या? पानी तं पे."

"वाचा, बाबा."

त्यांनी पेपर उचलला, नेहमीसारखा झटकला, घसा साफ केला आणि त्या भरदार आवाजात वाचू लागले, "कापसाच्या खरेदीला आजपासून... अध्यक्षांच्या शुभहस्ते... पाण्याच्या टाकीत पडून..." आणि थांबले. तीन बातम्यांची खिचडी झाली होती. त्यांच्याही ते लक्षात आलं. मग पेपराकडे न बघताच त्यांनी पुढची वाक्यं जुळवली, अशी झकास की मी पेपरात डोकावले नसते तर मलाही पटली असती. हेडिंगातले मोठे शब्द तेवढे दिसत होते, बाकी सगळं पदरचं. किती दिवसांपासून हे चाललं होतं देव जाणे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, कडेकडेची नजर गेली आहे, मधोमध एक झरोका उरलाय. गेलं ते येत नाही, उरलंय ते सांभाळा, थेंब चुकवू नका. झरोका आणखी लहान होऊ शकतो, तेही सांगितलं. मी तिथेच भडकले. "बाबा, सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?" बाबा डॉक्टरांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. घरी आल्यावर गल्लीला सांगितलं, चष्म्याचा नंबर बदलला.

दुसऱ्या दिवसापासून ते ओट्यावर बसेनात. घसा बसला म्हणे. चार माणसांदेखत हळदीचं दूधही प्याले. मी अमरावतीहून फोन करायचे तर बोलताना घसा अगदी खणखणीत. पण सकाळी चहा झाला की आतल्या खोलीत जाऊन पडायचे, भिंतीकडे तोंड करून. आयुष्यभर जो माणूस सकाळी पडलेला मी पाहिला नाही, तो पडायला लागला. जेवण कमी झालं. मला भीती वाटली, खरं सांगते. डोळे जातील याची नव्हती तेवढी. बाबाच जातील, याची.

दर रविवारी मी जायचे आणि भांडून परत यायचे. एका रविवारी मी फारच टोचलं, तेव्हा ते चिडून म्हणाले, "ओळ वाचता येते मले! शेवटापर्यंत येते. पन ओळ सरली की दुसरी धराले मांगं या लागते ना? तं परत येता येता मी दुसऱ्याच्याच घरात शिरतो."

मी चपला घालत होते. एक घातली, एक हातातच राहिली.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सेंटरला आहे. लागले तेव्हा एकच मोठं मशीन होतं आणि त्याला जोडलेले पडदे, काळ्यावर हिरवी अक्षरं. पुस्तकं मिळत नसत. मशीन कसं वापरायचं त्याची माहिती मशीनच्याच पोटात होती. फाईल उघडावी तर मजकूर खालून वर असा धो धो पळायचा की शेवटच्या चार ओळीच हाती लागायच्या. माझ्यासारख्या धांदरट बाईला ते पळणं आवडायचंसुद्धा! मग कळलं की एक कमांड दिली की मजकूर पडदाभर येऊन थांबतो. खाली 'मोअर' असा शब्द येतो. स्पेसबार दाबला की पुढचा पडदा. तोवर मशीन वाट बघतं, कितीही वेळ, कुरकुर न करता.

मजकुराची मांडणी करायचाही एक प्रोग्राम होता. तुम्ही नुसतं लिहीत जायचं आणि मधे टिंबापासून सुरू होणारी एकेक सूचना द्यायची. इथे जागा सोड, इथे नवा परिच्छेद, ओळ एवढीच लांब ठेव. मग तो सगळा मजकूर नीट ओळींत भरून द्यायचा, दोन्ही कडा सरळ, विटांच्या भिंतीसारख्या. सेंटरची सगळी माहितीपत्रकं मीच त्यात बसवली. त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या माहितीत शेवटी एक भाग असायचा, 'दोष'. ज्यांनी प्रोग्राम लिहिला तेच तिथे सांगून मोकळे व्हायचे की बाबांनो, याला अमुक जमत नाही, तमुक ठिकाणी हा चुकतो. मला ते फार भावायचं. आपल्या वऱ्हाडी माणसासारखं, जे आहे ते तोंडावर. फक्त आमच्या बाबांच्या माहितीत तो भाग नव्हता.

ओळीची लांबी! हातातली चप्पल टाकून मी परत आत गेले. ओळ झरोक्यात मावेल एवढीच ठेवली तर मागे यायलाच नको. नजर फक्त खाली उतरत जाईल.

"काय झालं वं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. पुढच्या रविवारी सांगते," म्हटलं आणि बस पकडायला पळाले.

जुन्या प्रोग्रामला मराठी येत नाही, म्हणून तेच काम करणारा एक लहानसा प्रोग्राम मी स्वतः लिहिला. काय वैताग आणला त्याने! काळ्या पडद्यावर जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायच्या. सेंटरमधली पोरं म्हणत होती, "मॅडम, ऑडिओ लावून द्या ना त्यांना, फोन वाचून दाखवेल." अरे, त्यांना ऐकायचं नाहीये, ऐकवायचंय! कसं सांगणार? शेवटी अक्षरं जुळली. मोठी, काळ्यावर पांढरी, ओळ आखूड, पडदाभर मजकूर आला की थांबणार आणि खाली 'आणखी आहे' दिसणार. जुना लॅपटॉप पिशवीत टाकला आणि रविवार उजाडायची वाट न बघता शनिवारीच गेले.

बाबांनी पडद्याला नाक लावलं. दोन ओळी वाचल्या. अडखळले. पुन्हा वाचल्या.

"मधात खड्डे काहून पाडले?"

"कुठे खड्डे?"

"हे काय! शब्द झाला की खड्डा, शब्द झाला की खड्डा. मी त्यात पडून राहिलो ना!"

हाताची सवय! मी दोन्ही कडा सरळ केल्या होत्या. आखूड ओळ सरळ करायची म्हणजे शब्दांत मोकळी जागा कोंबायची, आणि बाबांच्या झरोक्यात नेमकी ती मोकळी जागाच येत होती.

"अहो, पण कडा किती सरळ दिसतात, बाबा."

"कोनाले दिसते?" बाबा म्हणाले.

मी तिथल्या तिथे ती सोय काढून टाकली. उजवी कड झाली वेडीवाकडी, उंदरानं कुरतडल्यासारखी. आणि बाबा वाचू लागले. शब्द, शब्द, खाली, शब्द. स्पेसबार. नळाला दोन दिवस पाणी येणार नाही अशी सटरफटर बातमी होती, पण ती त्यांनी सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचली, एकही शब्द पदरचा न घालता. मग म्हणाले, "हे आजचंच हाय ना?" आणि हाय म्हटल्यावर उठून बादल्या भरायला लावल्या. मी नळाखाली बादली धरून रडून घेतलं.

त्यानंतर मी रोज सकाळी अमरावतीहून त्यांच्या पेपरचा मजकूर प्रोग्रामातून काढून पाठवू लागले. घसा एका दिवसात बरा झाला. टाळकी परत जमली. काका मोबाईलवर तोच पेपर उघडून बसायचे आणि पडताळा घ्यायचे. "बरोबर हाय, मास्तर. चालू द्या." पण आठवड्याभरातच कुरकुरू लागले, "खरं सांगू का, पयले पेपरात जास्त दम होता."

बाबा हसले म्हणे. मला फोनवर सांगतानाही हसत होते.

थेंब चालू होते, तरी झरोका लहान होत गेला. ते बाबांनी सांगितलं नाही, मीच ओळखायचे. रविवारी त्यांचं वाचणं ऐकायचे, अडखळले की दुसऱ्या दिवसापासून गुपचूप ओळ थोडी आखूड करून पाठवायचे. तेही बोलायचे नाहीत, मीही नाही. मला मात्र आतून नुसती तगमग व्हायची. कधी वाटायचं फोन करून ओरडावं, एकदा तरी म्हणा ना, कमी दिसतं म्हणून! कुणी खाणार आहे का तुम्हाला?

परवाच्या रविवारी मी ओट्यावर, त्यांच्या मागे बसले होते. बाबा वाचत होते, "संत्रा उत्पादकांना... नुकसानीची..." आणि थांबले. मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे. मी बघत होते. पडद्यावर पुढचा शब्द स्वच्छ दिसत होता, मला. काकांच्या मोबाईलवरही असणार. बाबांनी श्वास घेतला, घसा साफ केला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आता पदरचं येणार, मला कळलं. माझी बोटं चटईत रुतली.

"थांबा बा," बाबा म्हणाले. "मले दिसून नाही राहिलं." मग मान न वळवता, सगळ्यांदेखत, "बाई, ओळ लहान कर."

इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि वाटलं, नको हो बाबा, बातमी रचा, काहीबी सांगा, पण हे नका म्हणू.

मी पुढे सरकले आणि ओळ लहान केली. आता एका ओळीत एकच शब्द उरला. लांबलचक शब्द तर मधोमध तोडावा लागला.

"आता?"

"आता येते." त्यांनी पडद्याला नाक लावलं. "पन वेळ लागंन, भाऊ. ज्याले घाई असंन त्यानं जा."

काकांनी मोबाईल बंद करून खिशात टाकला आणि मांडी बदलून बसले. कोणी उठलं नाही. माझी अमरावतीची बस सुटायची वेळ झाली होती. मीही बसून राहिले.

"भर," बाबांनी वाचलं. मग खालची ओळ शोधली. "पाई."