मिशीवाल्या नागोबाचा धुरा

मी खोटं बोलत नाही. खऱ्याला जरा शेणखत घालतो, एवढंच. पण एका श्रावणात ते खत माझ्याच अंगावर आलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. चिखलीजवळ माझ्या आणि शेजारच्या काकांच्या शेतांमध्ये एक धुरा, म्हणजे बांध होता, त्यावर बोराटीची जाळी. काकांना ती तोडायची होती. आत तितराने सात अंडी घातलेली. ती मादी माझ्या कपाशीच्या पऱ्हाटीतल्या अळ्या दिवसभर टिपायची, म्हणून मी गावात सांगून टाकलं, "जाळीत नागोबा हाये, मिशीवाला! त्यानं फूत्कार टाकला का चिखलीच्या बाजारातले बैल खुंटे उपटतात!"

काकांचा विळा थांबला. पण बायकांनी ठरवलं, यंदा पंचमीची पूजा तिथंच. पूजेला जागा साफ हवी, आणि पंचमीला तर आमच्याकडे कापणं-चिरणं बंद. म्हणजे आदल्या दिवशीच विळा चालणार! अंडी दिसली तेव्हापासूनचे दिवस मी पुन्हा पुन्हा मोजले. पिल्लं बाहेर यायला दरवेळी दोन-तीन कमीच पडत.

पंचमीच्या आदल्या सकाळी काका हजर.

"काका, आज राहू द्या ना."

"काऊन? उद्या विळा लावता येते का?"

"नागोबा झोपला असंन."

"मंग उठवतो. मिशीले तेल लावाचं हाये त्याच्या."

पहिली फांदी पडली. मादी फडफडत बाहेर आली, पंख मोडल्यासारखा फरफटत लांब गेली. अंड्यांवर पाय पडला तर? दुसरी फांदी पडली, आणि जाळीतून बोराएवढी सात पिल्लं सुटली, थेट माझ्या पऱ्हाटीत!

काका विळा धरून उभे. "काऊन बे, तुया नागोबाले पाय कधी फुटले?"

मी पऱ्हाटीतल्या अळीवर चोच मारणाऱ्या एका पिल्लाकडं बोट केलं.

"अळ्या खातात का हे?"

"हाव."

"किती?"

"दिवसाले पोतंभर!"

"मूठभर म्हण, तं पटते."

"...मूठभर."

काकांनी विळा कमरेला खोचला, तोडलेल्या फांद्या परत जाळीवर टाकल्या आणि गावात जाऊन बायकांना सांगितलं, "त्या नागोबाले चौदा पाय हायेत, माया डोयानं पाह्यले! तिकडं फिरकू नका."

पूजा नेहमीच्या वारुळावर झाली. बोराटी राहिली. माझ्या मिशीपेक्षा काकांचे पाय गावाला जास्त पटले, ते मात्र मला अजून सलतं.