कुरुंद्याच्या वाटेवर पर्यावरण शिकवायला

वसमतला जाणार का, असं मला कुणी विचारलंच नाही. ऑफिसच्या फळ्यावर माझ्या नावापुढे लिहून ठेवलेलं होतं: ‘वसमत तालुका, शिक्षक प्रशिक्षण, तीन दिवस.’ दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. पर्यावरण हा विषय शाळांतून नुकताच सक्तीचा झाला होता, आणि तो कसा शिकवायचा हे सांगत आम्ही पुण्याहून गावोगाव हिंडत होतो. बरोबर दिलेलं पोस्टरांचं खोकं मी निघण्याआधी उघडून पाहिलं. खारफुटी, देवमासा आणि बर्फावरचं पांढरं अस्वल. हिंगोली जिल्ह्यासाठी!

जाणाऱ्यांनी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं परभणी गाठावं आणि तिथून एसटी धरावी. परभणीच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं, “वसमत गाडी कधी?”

“येऊन राहिली.”

पाऊण तासानं पुन्हा विचारलं. “येऊन राहिली की, मॅडम.” त्या माणसाच्या आवाजात इतकी खात्री होती, की गाडी माझ्यासमोरच उभी आहे आणि मलाच दिसत नाही, असं वाटावं. आली एकदाची. झिरो फाटा ओलांडला तशी दोन्ही बाजूंना काढणी झालेली हळदीची रानं लागली. जागोजागी धुराचे खांब उभे होते, आणि खिडकीतून उकडलेल्या हळदीचा मातकट, उग्र वास आत येत होता. फेब्रुवारीत जा. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी डोक्यावर रुमाल. वसमतच्या स्टँडसमोरच्या खानावळीत ज्वारीची गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा तीस रुपयांत मिळाला. पूर्ण प्रवासात तक्रारीला जागा नव्हती ती एवढ्या एका गोष्टीत.

कार्यशाळा कुरुंद्याच्या वाटेवरच्या एका मंगल कार्यालयात होती. स्टँडपासून काळीपिवळी जीप मिळते. भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. आयोजनाची जबाबदारी जाधव सरांकडे होती. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, दर वाक्यात एकदा ‘साहेब’ म्हणणारे. उद्घाटनाला शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हणून त्यांनी बेचाळीस शिक्षकांना अडीच तास बसवून ठेवलं. साहेब आलेच नाहीत. मग साहेबांच्या रिकाम्या खुर्चीच्या साक्षीनं माझा सत्कार झाला, प्लास्टिकच्या वेष्टनातला गुच्छ देऊन. चहा थर्माकोलच्या कपात. मी त्या कपांवरून काही बोलले, तर जाधव सर म्हणाले, “मॅडम, पर्यावरणाचं तुमचं भाषण दुपारी हाय ना? मंग तवा बोला.”

दुपारी बोलले. स्लाइड लावल्या आणि सातव्या मिनिटाला लाइट गेली. “आता चार वाजता,” मागून कुणीतरी शांतपणे सांगितलं. अंधाऱ्या हॉलमध्ये मी बेचाळीस लोकांना पांढऱ्या अस्वलाचं पोस्टर दाखवत उभी राहिले. आयुष्यात इतकं हास्यास्पद मला क्वचित वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी लाइट सकाळीच गेली. मी चिडून खोकं बंद केलं आणि म्हटलं, चला बाहेर. समोरच्याच शेतात माणिकराव नावाचे शेतकरी हळद शिजवत होते. मोठी लोखंडी कढई, वर हळदीचा पाला आणि ओली पोती, खाली बाभळीचे ओंडके धडाडून पेटलेले. आमच्यातल्या एका उत्साही शिक्षकांनी लगेच समज द्यायला सुरुवात केली. झाडं तोडू नका, झाड म्हणजे जीवन, वगैरे.

माणिकरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “गुरुजी, तुमच्या घोषणंवर हळद शिजती व्हय? शिजत आसंल तर लावा कढईखाली.”

सगळे हसले. मीही हसले, पण मनातून चरफडले. कारण माझ्या पोस्टरांवरही हळद शिजली नसती. तेवढ्यात मागं उभे असलेले राठोड सर पुढं आले. तांड्यावरच्या शाळेतले, तिशीतले, दीड दिवसात एक शब्द न बोललेले. ते चुलीपाशी उकिडवे बसले.

“काका, भट्टीचं तोंड वाऱ्याकडं काहून ठिवलं?”

“बापानं ठिवलं, आमी ठिवलं.”

“वारा जाळ पुढं काढून देतो. लाकूड जळतं अन् कढई थंडच ऱ्हाती. तोंड फिरवा, तीन बाजूंनी चिखलाचा बांध घाला. निम्म्या लाकडात कापसाच्या पऱ्हाट्या घालून भागतं. आमच्या तांड्यावर सहा घरं करून राहिलीत.”

माणिकरावांनी तोंड वाकडं केलं, पण लगेच उठून वाऱ्याची दिशा बघायला बोट थुंकीनं ओलं केलं.

हे कुठून कळलं, म्हणून मी राठोड सरांना विचारलं. त्यांच्या चौथीच्या मुलांनी गेल्या हंगामात घरोघरच्या भट्ट्या पाहून लिहून काढलं होतं: कोणाच्या कढईला किती मोळ्या लागल्या, लाकूड कुठल्या ओढ्यावरून आलं, तिथं किती बाभळी उरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती वही आणली. कोपरे पिवळे पडलेली, ‘मोळी’ची ‘मोळि’ झालेली. मी कितीतरी वर्षं पर्यावरण शिक्षणावर पुस्तिका लिहीत होते. त्यातल्या एकीतही हे नव्हतं.

“ही वही जिल्हाभर दाखवायला हवी!” मी म्हटलं.

शेजारी उभ्या असलेल्या एक शिक्षिका हळूच म्हणाल्या, “दाखवली की. तिच्यापायीच नोटीस भेटली सरांला.”

शाळेच्या वेळात मुलांना आवाराबाहेर नेलं, कारणे दाखवा. नोटिशीवर सही त्याच साहेबांची, जे आज समारोपाला यायचे होते.

माझं डोकं फिरलं. आणि इथं मी जे केलं ते सांगताना आजही अवघडल्यासारखं होतं. साहेब तीन तास उशिरा आले. रोप लावलं, मुळाची काळी पिशवीसुद्धा न काढता. निसर्ग हीच खरी शाळा, यावर भाषण केलं. मग मी उठले आणि कार्यशाळेचं परिपत्रक मोठ्यानं वाचलं: विद्यार्थ्यांना परिसर भेटीस न्यावे. खाली त्यांचीच सही. मग वही वर धरली आणि राठोड सरांचं नाव घेऊन नोटिशीचं विचारलं.

साहेबांचा चेहरा बदलला. “पत्र पत्राच्या जागी, शिस्त शिस्तीच्या जागी. उद्या पोरगं ओढ्यात पडलं तर तुम्ही येणार का पुण्याहून?”

मी बेचाळीस चेहऱ्यांकडे पाहिलं. कुणी पेनाचं टोपण लावत होतं, कुणी घड्याळ बघत होतं. मला त्या सगळ्यांचा राग आला.

आणि जाधव सर उभे राहिले. तेच, कडक इस्त्रीचे.

“साहेब, काल समद्यांना शेतात मीच नेलं. परवानगी न्हवती. नोटीस द्यायची तर त्यांच्याबराबर मला बी द्या.”

खरं तर नेलं होतं मी. साहेब थोडं हसले, “लेखी द्या, बघू,” म्हणाले आणि जेवायला न थांबता गाडीत बसले.

मी खुशीत राठोड सरांकडे गेले. ते वही पिशवीत घालत होते. वर न बघता म्हणाले, “मॅडम, मला इचारायचं तरी होतं. तुमी आज गाडीत बसताल. मला सोमवारी तिथंच हजर व्हायचंय.”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ती माफ केल्याची होती की विषय संपल्याची, कळलं नाही.

परतीच्या प्रवासात मी तीन दिवस कुणाकुणावर चिडले याची उजळणी करत होते. वीज, एसटी, साहेब, थर्माकोल, गप्प बसलेले शिक्षक. परभणी येईपर्यंत त्या यादीत माझं नाव वरती सरकलं होतं. मी धाडस केलं होतं, पण दुसऱ्याच्या नोकरीवर. जाधव सरांनी स्वतःच्या नोकरीवर केलं. आणि त्यांनाच मी तीन दिवस मनातल्या मनात लोटांगणवीर म्हणत होते.

पुण्यात आल्यावर ऑफिसनं वृक्षारोपणाचा फोटो मागितला. मी म्हटलं, फोटो नाही. त्याऐवजी भट्टीच्या तोंडाबद्दल दोन पानं लिहून दिली. ‘जरा स्थानिक होतंय,’ असा शेरा मारून ती परत आली. जिथं हळद पिकते तिथं चालेल, असं लिहून मी ती पुन्हा पाठवली.

जून उजाडल्यावर राठोड सरांचा फोन आला. स्वतःहून. मी कसे आहात विचारायच्या आत तेच म्हणाले, “नोटीस मिटली. जाधव सरांनी लेखी दिलं, मीबी दिलं.”

“म्हणजे आता मुलांना बाहेर नेता येतं?”

“येतं. पण दर खेपेला आधी अर्ज करायचा, मंजुरी आली की निघायचं.”

“येते मंजुरी?”

“अजून एक बी न्हाई आली.” ते पहिल्यांदाच हसले. “सोमवारी अर्ज टाकतो, मंगळवारी निघतो. येत्या मंगळवारी ओढ्याला जाऊन राहिलो. जाधव सर बी येतो म्हणले. तुमी येता काय?”