चपला दिसतील ते घर

त्या दुपारचं मला अजूनही खरं वाटत नाही. मुदखेडच्या हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते, ऊन हिवाळ्यातलं, मऊ, आणि एका अनोळखी घरात पोह्यांची बशी मांडीवर घेऊन मी सुखानं रडत होते. स्वप्नात आपण कुठल्याही घरात शिरतो आणि तिथली माणसं ‘या’ म्हणतात, तसंच झालं होतं. फक्त पोह्यांत मीठ जरा जास्त होतं, एवढं स्पष्ट आठवतं, म्हणून ते खरंच घडलं असणार.

मी मुखेडला, मुदखेडला नव्हे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवरा मोटारी भरतो, म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यात तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतो. तालुक्यात त्याच्या हाताला नाव आहे. तोच हात सकाळी सकाळी थरथरायला लागला आणि पहिला घोट पोटात गेल्याशिवाय थांबेना, तेव्हा माझे डोळे उघडले. पुढं कावीळ झाली. लातूरला माझ्या भावाकडं राहून आम्ही दवाखाना केला. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “औषधानं शरीर सावरेल. पण टिकायचं असेल तर जे यातून गेलेत त्यांच्यात जाऊन बसायला लागा. त्यांच्या मीटिंगा असतात. शोधा.”

शोधा म्हणे! मुखेडच्या बाजारात केरसुणीपासून बैलाच्या घुंगरांपर्यंत सगळं मिळतं, पण ही माणसं कुठं विचारायची? पिणाऱ्याची बातमी गावभर असते, सोडणाऱ्यानं मात्र तोंड लपवून फिरायचं, अशी आपली रीत. शेजारणीनं उदगीरकडच्या एका बाबाची पुडी सुचवली. शाळेतल्या बाईंनी दर्ग्यातला दोरा आणून दिला. दोरा मी बांधला, पुडी फेकली. शेवटी लातूरच्या दवाखान्यातल्या नर्सनं एक फोन लावून दिला. पलीकडं नांदेडचा कुणी म्हातारा होता, सारखा हसणारा.

“दर आयतवारी मुदखेडला बसतो आमी,” तो म्हणाला. “पाटी न्हाई लावत. जुन्या जिनिंगच्या मागं गल्ली हाय. बाहेर चपला दिसतील, त्येच घर. आल्यावर आपला परिचय द्यायचा, काही लपवायचं न्हाई. मंग आमी टाळ्या वाजवतो.”

मुदखेड नवऱ्याला पसंत पडलं, कारण तिथं त्याचं एकही गिऱ्हाईक नव्हतं. त्याची एकच अट होती: वाटेत कुणाला विचारायची वेळ आली तर जिनिंग, म्हणजे ती कापसाची गिरणी, विचारायची, मीटिंगचं नाव काढायचं नाही. माझीही एक अट होती, पण ती मी त्याला सांगितली नाही. मोठ्या पिशवीत वर जेवणाचा डबा ठेवला आणि खाली माझ्या साड्या. तो दारापर्यंत जाऊन माघारी फिरला, तर मी त्याच्याबरोबर मुखेडला परतणार नव्हते. नांदेडहून थेट लातूरची बस धरणार होते, भावाकडं. आमचा पोरगा दवाखान्याच्या वेळेपासून तिथंच होता. रजा, बदली, लोक काय म्हणतील, ते सगळं पुढचं पुढं.

नांदेडहून निघालेली पॅसेंजर रमतगमत चालली होती. डब्यात फुलवाल्या बायका होत्या, सकाळची फुलं विकून मोकळ्या टोपल्या घेऊन घरी निघालेल्या. टोपल्यांच्या तळाशी राहिलेल्या पाकळ्या वाऱ्यानं उडून आमच्या पायाशी येत होत्या. नवरा खिडकीला डोकं टेकून झोपला. झोपेत त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा दिसतो, आणि मला त्याचा फार राग येतो. जाग्या माणसाशी भांडता येतं, झोपलेल्याशी कसं भांडायचं? मी पिशवी पोटाशी धरून पाकळ्यांकडं बघत बसले, आणि माझाही डोळा लागला.

स्टेशनाबाहेर नवऱ्यानं पानवाल्याला विचारलं, “जुनी जिनिंग कुठं हाय?”

“कोणाकडं जायचं हाय?”

“कोणाकडं न्हाई. जिनिंग बघायची हाय.”

पानवाल्यानं माझ्या इस्त्रीच्या साडीकडं पाहिलं, फुगलेल्या पिशवीकडं पाहिलं आणि मुकाट्यानं हात दाखवला. जिनिंगच्या मागं गल्लीत शिरलो तर एका घरासमोर चपलाच चपला. ओट्यावर मावत नव्हत्या, रस्त्यावर उतरल्या होत्या. बाई गं, एवढी माणसं! मला इतका धीर आला की चालताना पाय हलके झाले. इतकी वर्षं मला वाटायचं, हे दुःख आमच्याच घरात आहे.

“या, या पाव्हणे. उशीर केलात,” पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला एक माणूस दारात येऊन म्हणाला. लगेच पाण्याचा तांब्या आला. पाणी देण्याआधी ‘तुम्ही कोण’ असं आपल्याकडं कुणी विचारत नाही, आणि पाणी दिल्यावर विचारायचं राहून जातं. नवऱ्याला पुरुषांत गादीवर बसवलं, मला आतल्या दारापाशी बायकांत. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात कापूस तरंगत होता. सगळे स्वच्छ कपड्यांत, हसतमुख. मधोमध एक तरुण पोरगा नव्या शर्टात घामाघूम होऊन बसला होता. मला त्याची दया आली. एवढ्या लहान वयात ही वेळ! आज त्याचाही पहिलाच दिवस दिसतो, असं मी मनात म्हटलं.

शेजारची बाई माझ्या कानाशी लागली. “पोरगं चांगलं वाटतंय, न्हाई?”

“हाव,” मी म्हटलं. “सुधरंल.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. तेवढ्यात पोहे आले.

मग एक मिशीवाले गृहस्थ खाकरले. “आता परिचय होऊन जाऊ द्या.” एकेक जण बोलायला लागला. नाव, गाव, किती एकर, त्यात बागायत किती. नवऱ्यानं लांबून माझ्याकडं पाहिलं, हे शेतीचं कशाला सांगून राहिलेत अशा नजरेनं. मी त्याला हातानं खुणावून धीर दिला. आधी मन मोकळं व्हावं म्हणून असेल. मिशीवाले त्या तरुणाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आमच्या भाच्याला सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाई.” बिचाऱ्यांची अजून कबूल करायची तयारी दिसत नाही, असं मला वाटलं.

नवऱ्याची पाळी आली. तो उभा राहिला. बाकी सगळे बसून बोलले होते.

“मी मुखेडचा. मोटारी भरतो,” तो म्हणाला. “दारू पितो. लई पितो. दवाखान्यातून आल्यापासून न्हाई घेतली, पण रोज घ्यावी वाटते. आत्ताबी वाटून राहिली. पोराच्या फीचे पैसे प्यालो. हिला एकदा ढकललं, दाराची कडी लागली हिला. ती माझी बायको, तिकडं बसली. तिनं आणलं मला.”

हे त्यानं माझ्यासमोरसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी टाळ्यांची वाट बघत बसले.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाचा तरी चमचा बशीत वाजला, तेवढाच. पांढऱ्या सदरेवाल्यानं मिशीवाल्यांना हळूच विचारलं, “हे तुमच्याकडले ना?”

“आमच्याकडले कसे? आमाला वाटलं तुमच्याकडले.”

तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मुलगी बाहेर आली. डोक्यावर पदर, केसांत अबोलीचा गजरा. तिला पाहिलं आणि सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. मुलगी बघायचा कार्यक्रम! धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. नवरा अजून उभाच होता, हात कुठं ठेवावे ते त्याला कळत नव्हतं.

मुलीनं ट्रे खाली ठेवला. अशा वेळी मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. ती त्या तरुणाकडं बघून म्हणाली, “आन् तुमी?”

पोरानं मामाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. “कधी कधी. दोस्तांत.”

ते लग्न जमलं की मोडलं, मला माहीत नाही. मुलीची आई आतून आली, ठेंगणी, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती रागावेल म्हणून मी अंग चोरलं. ती म्हणाली, “बसा. पव्हे खाऊन उठा. तुमाला जायचंय ते घर मला ठावं हाय. मी दावते.” आणि घरात पाहुणे खोळंबलेले असताना, आम्ही बशा रिकाम्या करेपर्यंत ती उभी राहिली.

ते घर गल्लीच्या टोकाला होतं. बाहेर चपलांचे चार-पाच जोड, तेही झिजलेले. दार उघडंच. नवरा पायरीपाशी थांबला.

“झालं की आता,” तो मला म्हणाला. “तिथं एवढ्यांसमोर बोललो. अजून काय बोलायचं? चल, गाडी मिळंल.”

मला असा संताप आला की ती पिशवी त्याच्या पायावर आदळावी. आणि त्या संतापाखाली भीती होती. मी पिशवीचे बंद खांद्यावर नीट घेतले आणि स्टेशनच्या दिशेनं तोंड केलं. लातूरची शेवटची बस किती वाजता असते, हे मी आठवत होते.

मुलीची आई अजून गेली नव्हती. “माझ्या भावालाबी आणलं व्हतं मी इथं,” ती म्हणाली. “दोनदा. ह्याच पायरीपर्यंत आला. आत न्हाई गेला.”

“आता कुठं असतात?” नवऱ्यानं विचारलं.

“न्हाई आता,” ती म्हणाली, आणि पदर सावरत पाहुण्यांकडं परत गेली.

कापूस तरंगत होता. गल्लीत कुणी नव्हतं. नवरा बराच वेळ त्या चपलांकडं बघत उभा होता. मग त्यानं आपल्या चपला काढल्या, त्यांच्याशेजारी नीट जोडीनं लावल्या आणि आत गेला.

मी ओट्यावर बसून राहिले. आतून त्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मध्येच सगळे खो खो हसले. चुकीच्या घराचं सांगितलं असणार. “सही घर कू आये मियां, थोडा चक्कर मारके आये,” फोनवरचा तो म्हातारा आवाज आता नांदेडी हिंदीत म्हणाला. आणि मग टाळ्या वाजल्या. माणसं थोडीच होती, पण हातातला जोर चांगला होता. भिंतीला डोकं टेकून मी डोळे मिटले. मला फार फार झोप आली होती.

परत निघताना नवऱ्यानं पिशवी माझ्या खांद्यावरून काढून घेतली. डबा तर आम्ही येताना नांदेडलाच खाल्ला होता. तो थोडा चालला आणि थांबला.

“लई जड हाय,” तो म्हणाला. “साड्या हायत?”

“हाव.”

“लातूर?”

“हाव.”

 नांदेडहून मुखेडची बस सुटल्यावर, दिवस कलताना, त्यानं विचारलं, “पुढच्या आयतवारीबी भरणार का पिशवी?”

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्या दिवशी आमच्यातलं खोटं सगळं मुदखेडलाच संपून गेलं होतं.

“भरणार,” मी म्हटलं.

“भर,” तो म्हणाला. “उचलीन मी.”

मुखेड येईपर्यंत त्यानं ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.